अठरा शब्दांचा दम

बोलता बोलता ती मध्येच थांबायची, डावा तळहात बरगड्यांवर दाबून धरायची आणि उजव्या हाताचं एक बोट वर करायची. "थांब. माझा संपाक नाय."

मग तिचा श्वास येईपर्यंत समोरच्याने गप्प राहायचं. रिक्षावाला असो, बँकेतला साहेब असो, नाहीतर तिची स्वतःची लेक असो. अर्ध्या राहिलेल्या वाक्यात दुसऱ्याने तोंड घातलं तर काय होतं, हे तिने एकदा भोगलं होतं. पुन्हा कुणाला ती तशी संधी देणार नव्हती.

तुम्ही सातआठ वर्षांपूर्वी मालवणच्या मासळी बाजारात गेला असाल, तर तिला पाहिलं नसलं तरी ऐकलं नक्की असेल. सगळ्या गलक्याच्या वर एकच आवाज चढलेला असायचा, तो तिचा. मी धामापूरची. मालवणातल्या एका लहान खासगी इस्पितळात सिस्टर होते, आणि ड्यूटी संपली की बाजारातून एसटी स्टँडकडे जायचे. मी वळणावर दिसले रे दिसले की तिची हाक यायची, "गो सिस्टर, हयसर बघ! पेडवे बघ कसे आसत! तुझ्या पेशंटाक खावक घाल, चलत घराक जायत!" आजूबाजूच्या चार गिऱ्हाइकांनी वळून बघितलं की पेडवे घेतल्याशिवाय माझी सुटका नसे. आम्ही सगळेच तिला मावशी म्हणायचो. वय पन्नाशीच्या पुढे, नवरा कधीचाच वारलेला, एक लेक लग्न होऊन जवळच्याच वाडीत दिलेली. रापणीचं लांबलचक जाळं किनाऱ्यावर ओढायला ती पुरुषांच्या बरोबरीने दोरीला हात लावायची आणि जाळं वर आलं की आपल्या वाट्याची मासळी टोपलीत भरून थेट बाजार गाठायची.

डिसेंबरातल्या एका सकाळी तिला आमच्याकडे आणलं. आणणारा होता किनाऱ्यावरच्या एका हॉटेलचा मालक. तिच्याच शेजारचा, तिच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. पाण्यातल्या खेळांच्या चार बोटीही त्याच्याच होत्या. त्याने आपल्या जीपच्या मागच्या सीटवर तिला आडवी घालून आणलं होतं.

तिचे ओठ निळसर पडले होते. डोळे मात्र टक्क उघडे होते. डॉक्टरांनी साडी बाजूला केली आणि मला तिची छाती दिसली. तुम्हीआम्ही श्वास घेतो तेव्हा छाती वर येते. तिच्या डाव्या बाजूचा तळहाताएवढा भाग उलटा चालला होता, श्वास घेताना आत जात होता आणि सोडताना बाहेर येत होता. पाच बरगड्या पुढूनही मोडल्या होत्या आणि मागूनही. त्यामुळे तेवढा तुकडा सुटा होऊन हलत होता. आत रक्त आणि हवा साठून फुप्फुस दबलं होतं.

"सिस्टर, काय झालं ते लिहून घ्या," डॉक्टर हातमोजे चढवत म्हणाले.

हॉटेलवाला पुढे झाला. "होडीवरून घसरली. डाव्या कुशीवर पडली. मी तिथंच होतो."

मी केसपेपरवर लिहिलं. लिहिताना माझं लक्ष तिच्याकडे गेलं. तिने एक बोट वर केलं होतं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला वाटलं तिला पाणी हवंय. पाणी द्यायचं नव्हतं, म्हणून मी कापसाचा ओला बोळा तिच्या ओठांवरून फिरवला. तिने मान झटकली आणि पुन्हा बोट वर केलं. तोवर डॉक्टरांनी तिच्या कुशीत नळी घालायची तयारी केली होती. मी केसपेपर बाजूला ठेवून त्यांच्या मदतीला गेले.

नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलेलं असतं. ती श्वास सोडायची तसे बाटलीत बुडबुडे यायचे. पहिले दोन दिवस ती एकही शब्द बोलली नाही. ऑक्सिजनचा मास्क लावून बाटलीकडे नाहीतर माझ्याकडे बघत राहायची. तिची ती नजर मला समजत नव्हती.

तिसऱ्या दिवशी हॉटेलवाला शहाळी घेऊन आला. खाटेच्या पायथ्याशी उभा राहून म्हणाला, "मावशे, कशी आसस? काय होया तर सांग." तिने डोळे मिटून घेतले. तो गेल्यावर उघडले, मला जवळ बोलावलं आणि मास्क बाजूला केला.

"खोटा... लिवलंस... तू."

तीन शब्दांना तीन श्वास लागले. त्यानंतर अर्ध्या तासात, मध्ये मध्ये मास्क लावत, तिने मला सगळं सांगितलं. रापण ओढून झाली होती. होडीच्या कडेला उभी राहून ती दोरी गुंडाळत होती. पाहुण्यांना जाळ्यातली मासळी दाखवायला हॉटेलवाला जीप थेट ओल्या रेतीत घेऊन आला. ब्रेक मारला तरी गाडी घसरत पुढे आली आणि पुढच्या लोखंडी गार्डने तिला होडीच्या फळीवर दाबून धरलं. तो रडकुंडीला आला होता. त्यानेच गाडी मागे घेतली, त्यानेच तिला उचललं. आणि बाजारापर्यंत आल्यावर मागे न बघता म्हणाला, "मावशे, होडयेवरसून पडलंय म्हणान सांग हां."

"गाडी लागली... ता चुकान," ती म्हणाली. "खोटा सांगल्यान... ता चुकान नाय."

तिला वाचता येत नव्हतं. तिने मला केसपेपर आणायला लावला आणि मी लिहिलेली ओळ वाचून दाखवायला लावली. मी वाचली. "परत वाच." पुन्हा वाचली. आपलं स्वतःचं अक्षर वाचताना मला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

"खोड ता."

"मावशी, केसपेपरवरचं खोडता येत नाही गं."

"तुझ्या हातान लिवलंस... तुझ्याच हातान खोड."

मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी त्या ओळीखाली, तारीख घालून, पेशंटचं म्हणणं वेगळं लिहिलं आणि पोलिसांना कळवलं. जबाब घ्यायला हवालदार आले. दहा ओळींच्या जबाबाला दीड तास लागला. आधी ते घड्याळ बघत होते. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि स्टूल पुढे ओढलं. पण किनाऱ्यावर त्या सकाळी तीसेक माणसं दोरीला होती, त्यांच्यातल्या एकालाही काही दिसलं नव्हतं. कुणाचा भाऊ हॉटेलवाल्याच्या बोटीवर कामाला होता, कुणाची सून त्याच्या स्वयंपाकघरात. हवालदारांनी हे सांगितलं तेव्हा ती रडली नाही. "बरा," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

बरगड्या मोडलेल्या पेशंटाचं खरं संकट पुढे असतं. दुखतं म्हणून तो खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. मग कफ साचतो, न्यूमोनिया होतो आणि माणूस जातो. तीही खोकायला तयार नव्हती. उशी छातीशी धरून कसं खोकायचं ते मी दाखवलं, तिने उशी ढकलून दिली. श्वासाच्या व्यायामाचं यंत्र दिलं. त्यात तीन नळ्या आणि तीन गोळे असतात, नळीतून हवा आत ओढली की गोळे वर उचलले जातात. तिचा पहिला गोळा जागच्या जागी थरथरला. तिने यंत्र टेबलावर आपटलं. "पोरांचो खेळ!"

चिडून मी बोलून गेले, "मग कोर्टात काय करशील? वकील उलटसुलट विचारेल. तीन शब्दांवर थांबलीस तर चौथा तो घालेल."

मग टेबलावरचं यंत्र तिने स्वतः उचललं.

त्या दिवसापासून आमच्या वॉर्डात जे सुरू झालं ते मी कुठल्याच पेशंटचं पाहिलेलं नाही. दर तासाला ती यंत्र तोंडाला लावायची. घाम फुटायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. गोळा वर गेला की त्याच्याकडे बघून हॉटेलवाल्याला अशी शिवी हासडायची की बाजूच्या खाटेवरच्या आजी कानावर हात ठेवायच्या. उशी आवळून खोकायची आणि खोकून झालं की म्हणायची, "हयां कफ पडलो. थयां तो पडतलो." डॉक्टर राउंडला आले की हसायचे. मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "या बाईला राग बरं करतोय. येऊ द्या."

तिने एक वाक्य तयार केलं होतं. कोर्टात ते एका दमात म्हणायचं असं तिने ठरवलं होतं. "ह्येना माका गाडयेन चिरडल्यान, माझ्याच तोंडार खोटा सांगल्यान, आणि माका बोलाक दम नाय होतो म्हणान ता खरा ठरला." मोजून अठरा शब्द. मी तिच्या चार्टच्या मागे रोज लिहून ठेवायचे, आज किती शब्दांवर दम संपला. चार. चार. सहा. नळी काढली त्या दिवशी आठ. घरी सोडलं तेव्हा दहा.

घरी गेल्यावर पंधरवड्यातच हॉटेलवाला तिच्या ओसरीवर येऊन बसला. मी तपासायला गेले होते, म्हणून समोरच होते.

"मावशे, चूक झाली. मिटवया आता."

"मिटवतंय," ती म्हणाली. "त्याच रापणीर ये. त्याच माणसांसमोर सांग. गाडी माझी होती, मी खोटा बोललंय. इतक्याच बोल. मगे मी पोलिसात जावन सांगतंय, माझा काय म्हणणा नाय."

तो लायसनचं बोलला, इन्शुरन्सचं बोलला, पाहुणे यायचे बंद होतील म्हणाला.

"म्हणजे माझो श्वास गेलो तरी चलात. तुझे पावणे जावक नाय होये."

तो उठला आणि गेला. मला तेव्हा वाटलं होतं, माणूस वाईट नाही, घाबरट आहे. तसं मी तिला म्हटलंही. तिने बोट वर केलं, श्वास घेतला आणि म्हणाली, "घाबरट माणसानच माका मारल्यान."

बाजारात ती परत आली, पण हाक मारणं संपलं होतं. फुप्फुसाभोवती जाड पडदा धरला होता, बरगड्या वाकड्या सांधल्या होत्या, डावी बाजू हलायचीच नाही. सबंध बाजारावर चढणारा तो आवाज आता दोन हातांवरच्या गिऱ्हाइकापर्यंत जेमतेम पोचायचा. तरी तिने एक गोष्ट केली. एकेक करून सगळ्या मासळीवाल्या बायकांजवळ जाऊन बसली. पोलिसांसमोर गप्प बसलेली माणसं यांच्याच घरातली होती. ती कुणाला बोल लावायची नाही. फक्त म्हणायची, "तुमी बोलाक नाय, ठीक आसा. आता येक करा. तेच्या हॉटेलाक बांगडो जावक नाय होयो."

आणि खरोखरच गेला नाही. त्याचा माणूस पिशव्या घेऊन यायचा, तर सरंगा "आधीच ठरलेला" असायचा, सुंगटांचा ढीग समोर असूनही "संपलेला" असायचा. मालवणच्या किनाऱ्यावर, समुद्राकडे तोंड करून बसलेल्या हॉटेलात कणकवलीहून बर्फातली मासळी यायला लागली. पाहुण्यांना ते एका घासात कळायचं. ते बाहेर पडून दुसरीकडे जेवायला जायचे आणि जाताना तिच्याच टोपलीपाशी थांबून विचारायचे, "मावशी, ताजं जेवण कुठे मिळेल?" ती हात करून दाखवायची. मग बरगड्या धरून, थांबत थांबत, त्यांना सगळी हकिगत सांगायची. पुण्याबिण्याची माणसं चिखलात उभी राहून, तिचं बोट खाली यायची वाट बघत ऐकायची. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान दिसायचं, ते टोपली रिकामी झाल्यावरही दिसत नसे. दुसऱ्या हंगामात त्याने हॉटेल दुसऱ्याला चालवायला दिलं. ती बातमी सांगायला ती खास इस्पितळाच्या पायऱ्या चढून आली. वर पोचल्यावर पाच मिनिटं तिला बोलताच येईना, पण हसत होती.

खटला उभा राहायला चार वर्षं गेली.

मला साक्षीला बोलावलं. इस्पितळाच्या मालकांनी बजावलं होतं, विचारतील तेवढंच बोला. हॉटेलवाल्याच्या वकिलांनी केसपेपर माझ्यासमोर धरला. "हे अक्षर आपलं?"

"हो."

"'होडीवरून घसरून पडल्याने' असं आपणच लिहिलंत?"

"हो."

"धन्यवाद."

मी बसायला हवं होतं. मी म्हटलं, "साहेब, पेशंटने सांगितलं नव्हतं. यांनी सांगितलं." आणि हॉटेलवाल्याकडे हात केला. "तिने बोट वर केलं होतं. तिला बोलायचं होतं. मला वाटलं पाणी मागतेय. चूक माझी आहे."

माझ्यानंतर डॉक्टर उभे राहिले. पुढून आणि मागून दाब आल्याशिवाय बरगड्या अशा दोन-दोन ठिकाणी मोडत नाहीत, कुशीवर पडलेल्याच्या एकाच जागी मोडतात, हे त्यांनी एक्स-रे धरून दाखवलं.

मग ती. वकील मऊ आवाजात म्हणाले, "मावशी, आपल्याला दम लागतो. त्या वेळीही लागला असणार. अशा वेळी माणसाला नीट आठवत नाही, खरं ना?"

"माझो दम गेलो," ती म्हणाली. "याद नाय गेली."

आणि तिने वाक्य सुरू केलं. मी मांडीवर बोटं मोजत होते. घरी तिची मजल पंधरावर गेली होती. कोर्टात, त्या माणसाच्या समोर, अकराव्या शब्दावर तिचा श्वास संपला. "...आणि माका बोलाक..."

"म्हणजे आपल्याला असं म्हणायचंय की..." वकील पुढे सरकले. तिचं बोट वर गेलं.

"थांबा," न्यायाधीशबाई वकिलांना म्हणाल्या. "त्यांना पूर्ण करू द्या."

कोर्टात कुणी हललं नाही. डोक्यावरचा पंखा तेवढा फिरत होता. तिची उजवी बाजू वर येत होती, खाली जात होती. हॉटेलवाला स्वतःच्या चपलांकडे बघत होता. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग तिने बोट खाली केलं.

"...दम नाय होतो, म्हणान ता खरा ठरला."

पुढच्या एका तारखेला निकाल तिच्या बाजूने लागला. शिक्षा मात्र हलकी झाली, दंड आणि कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहणं. मला राग आला. तुरुंग व्हायला हवा होता असं मी पुटपुटले. ती उठून त्याच्या समोरच्या बाकावर जाऊन बसली, पाठ ताठ करून, नजर त्याच्यावर लावून. अकरा वाजल्यापासून कोर्ट उठेपर्यंत. मी चहा आणला, घेतला नाही. जेवायला चल म्हटलं, आली नाही. "मी उठलंय तर तेका बरा वाटतला." दुसऱ्या लोकांचे खटले चालले, तारखा पडल्या, माणसं आली नि गेली. ती दोघं समोरासमोर होती. त्याने दोनदा पाणी मागितलं. एकदाही मान वर केली नाही.

बाहेर पडल्यावर मी विचारलं, "आता बरं वाटलं?"

ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. "बरा? आजून चार दिवस होये होते."

त्यानंतर ती दोन वर्षं जगली. दर पावसाळ्यात छाती भरायची, दर वेळी थोडा श्वास कमी होऊन घरी जायची. शेवटचं वर्ष घरात ऑक्सिजनचं मशीन होतं. लेक येऊन राहिली होती. सुट्टीच्या दिवशी मी धामापूरहून यायचे, तिची पाठ थोपटायचे. मशीनच्या घरघरीत आम्ही बाजारातल्या गप्पा मारायचो. हॉटेलवाल्याचा विषय निघाला की अजूनही तिच्या डोळ्यांत तरतरी यायची.

जायच्या आधीच्या रविवारी ती पुन्हा तीन-तीन शब्दांवर आली होती. मी तिचे केस विंचरत होते. आपणहून म्हणाली, "ल्हान आसताना... तापान फणफणलो काय... माझ्याकडेच येय... पेज मागी."

"कोण गं?"

"तो." पुन्हा श्वास घेऊन, "मीच... भरवी."

मी फणी थांबवली. "बोलवू त्याला?"

"नको," ती म्हणाली. स्वच्छ, एका श्वासात.

मंगळवारी दुपारी ती गेली. तिला आंघोळ घालायला लेकीने मला पुढे बसवलं, आईने तसं सांगून ठेवलं होतं म्हणाली. डाव्या कुशीत नळीचा व्रण होता आणि त्याच्या वर बरगड्यांत खळगा, माझी मूठ बसेल एवढा. मी त्यावरून पाणी घातलं, हळूच पुसलं आणि नवी साडी नेसवताना पदर तिथे दुहेरी घेतला.

अंगणात बाजारातल्या बायका जमल्या होत्या. फाटकाबाहेर हॉटेलवाला उभा होता, चपला हातात घेऊन. त्याला कुणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तिरडी त्याच्या जवळून गेली तेव्हा खांदा द्यायला तो पुढे झाला. चौघांपैकी एकानेही खांदा बदलला नाही. तो तसाच मागे सरकला. माणसं वळणाआड गेली तरी तो तिथेच होता. केस पिकले होते, गाल बसले होते.

मी फाटकापाशी आले. तो म्हणाला, "सिस्टर, तुमी शेवटाक तिच्या वांगडा होतात. माझ्याबद्दल काय बोलली काय हो?"

पेजेचं सांगितलं असतं, तर तो तिथेच रडला असता आणि मोकळा होऊन घरी गेला असता.

"नाही," मी म्हटलं. "काहीच नाही."

तो अजून काहीतरी विचारायला तोंड उघडत होता. मी फाटक लावून घेतलं आणि आत गेले.